पाटावरचा उमेदवार

पिंपळगाव रेणुकाईत बद्रीनाथला नावानं हाक मारणारं एकही माणूस नव्हतं. लहानथोर सगळे त्याला जावईबापू म्हणत. तो रामरावांचा जावई, म्हणून साऱ्या गावाचा जावई. आणि गावाचा जावई म्हणजे काय चीज असते, हे ज्याला ठाऊक नसेल त्यानं एकदा मराठवाड्यात सासुरवाडी करून पाहावी. कुणाच्याही ओट्यावर पाय ठेवला की पाट मांडला जातो. साधं पाणी मागितलं तरी चुलीवर शिऱ्याचा रवा खरपूस भाजला जातो. चार माणसं ओझं उचलत असली आणि आपण हात लावायला गेलो, तर पाचवा माणूस धावत येऊन आपला हात बाजूला करतो.

बद्रीनाथ मूळचा वऱ्हाडातला, धाडच्या बाजूचा. अंतर म्हणाल तर सकाळी गाडी जुंपावी आणि जेवायला तिकडे पोचावं. पण मधे निजामाचा करोडगिरीचा नाका होता. मालाची झडती घेणारे शिपाई तिथे बसत, आणि नाक्यापलीकडचं सगळं परमुलूख. रझाकारांच्या दिवसांत रामराव बायको सोनूबाई आणि लेक विमल यांना घेऊन नाका ओलांडून गेले, ते बद्रीनाथच्या घरी उतरले. तिथे सोनूबाईंनी या तरण्याताठ्या पोराला खुशाल कामाला जुंपलं. "बद्री, लाकडं आण. बद्री, तुला कान हायेत का न्हाई?" हे दिवसभर चालायचं. बद्रीनाथची आई लहानपणीच गेलेली. त्या ओरडण्यानं तो इतका सुखावायचा, की एकदा सांगितलेलं मुद्दाम ऐकायचा नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाची सत्ता गेली, आणि रामरावांनी निघताना बद्रीनाथच्या वडिलांना विचारलं, "एकुलती एक लेक हाय. पोरगा देता का?" त्यांनी दिला. पुढच्याच वर्षी बद्रीनाथ घरजावई होऊन पिंपळगावला आला. लग्न लागलं त्या क्षणापासून सोनूबाईंची वाचा बंद झाली. जावयासमोर सासूनं तोंड उघडायचं नाही, हा रिवाज. पदर कपाळावर ओढून त्या दाराच्या चौकटीला सांगत, "म्हणावं, जेवण झालंय." चौकट बिचारी काय बोलणार! बद्रीनाथ मुकाट्यानं उठून जेवायला जाई.

माणूस मात्र हुशार आणि खटपट्या. मॅट्रिक झालेला. गावात शाळा नव्हती, ती त्यानं सुरू करवली. तालुक्याच्या कचेरीत जाऊन साहेबाशी बरोबरीनं बोलायचा. बावन्न साली हैदराबाद राज्याची पहिली निवडणूक आली, तेव्हा तो अपक्ष उभा राहिला. कुणाला विचारलंही नाही. आपल्या भागाचं विधानसभेत कुणीतरी बोललं पाहिजे आणि ते आपल्याला जमेल, एवढं त्याला पक्कं वाटलं.

विरोधात तालुक्यातले काकासाहेब. शंभर पिढ्यांचे इथले असल्यासारखे बोलत. पिंपळगावच्या बाजारात उभं राहून त्यांनी सरळ मुद्दा मांडला. "बद्रीनाथ माणूस बराबर हाय. पण मुलकी न्हाई, आपल्या मुलखातला न्हाई. निजामाच्या काळात हाकीम बाहेरून आले. आता निजाम गेला, तरी साहेब लोक बाहेरूनच येऊन राह्यले. नोकऱ्या त्यांच्या, कचेऱ्या त्यांच्या. मंग आता आमदारबी बाहेरचाच आणायचा का?"

मुद्दा खोटा नव्हता आणि बद्रीनाथलाही तो खोटा वाटला नाही. त्यानं तिथेच उत्तर दिलं, "साहेबाची बदली झाली की साहेब जातो. मी कुठं जाणार? माझी लेकरं इथं, शेत इथं. जो जाऊ शकत नाही तो बाहेरचा कसा?" टाळ्या पडल्या. बाकीच्या गावांचं बद्रीनाथला काही सांगता येत नव्हतं, पण पिंपळगाव आपलंच, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. प्रचाराला गेला तर घरोघर पाट, घरोघर शिरा, टॉवेल-टोपीचा तर घरी ढीग लागला. शेवटी शेवटी त्याला शिऱ्याचा वास नको झाला.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेट्या उघडल्या, आणि पिंपळगावची बद्रीनाथची पेटी जवळजवळ रिकामी निघाली. गावानं मतं काकासाहेबांना घातली होती.

हरल्याचं त्याला दुःख नव्हतं. पण आपल्या गावानं आपल्याला परका मानलं, हे त्याच्या काळजाला लागलं. आठवडाभर तो घराबाहेर पडला नाही. मग एके सकाळी उठून शेजारच्या कचरूच्या मळ्यात गेला. कचरू मोट हाकत होता, आडवळणानं बोलणं त्याला येत नसे. बद्रीनाथनं विचारलं, "मी परमुलखाचा म्हणून मत दिलं नाहीस ना?"

कचरूनं बैल थांबवले. "कोन म्हनलं? मुलूख-बिलूख आमाला बिलकुल ठाव न्हाई. पर जावईबापू, तुमीच सांगा, जावयाला कामाला कसं लावावं? त्या काकासाहेबानं काम न्हाई केलं तर मी त्याच्या वट्यावर जाऊन शिव्या देतो. तुमाला कशा देऊ? पोरीच्या घरचं मानूस. गावाची इज्जत जाईल का न्हाई?" आणि एवढं बोलून त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि बद्रीनाथला बसायला खाली अंथरलं!

आता या माणसांना काय म्हणावं? प्रेमानं पाडलं होतं त्यांनी त्याला.

त्या दिवसापासून बद्रीनाथनं जावईपण टाकायचा चंग बांधला. पाट दिसला की भुईवर बसे, तर यजमान त्याच्याहून खाली, उंबऱ्याखाली जाऊन बसत. रस्त्याच्या श्रमदानाला गेला तर हातातली पाटी काढून घेतली आणि त्याला झाडाखाली बसवून वर वारा घालायला माणूस दिला. विमल हसून हसून बेजार. "तुम्ही जन्मभर पाहुणेच राहणार," ती म्हणायची. तो हसायचा, पण ते त्याला आत कुठंतरी टोचायचं.

छप्पन्न साली राज्यंच फिरली. वऱ्हाड आणि मराठवाडा एकाच दिवशी मुंबई राज्यात आले. जुन्या नाक्याची खोली कधीच ओस पडली होती, आता तिच्यात कुणी कडबा भरला. काकासाहेबांचा मुलकीचा मुद्दा हवेत विरला, कारण नव्या राज्यात तेही बद्रीनाथइतकेच नवे! सत्तावन्नची निवडणूक जवळ आली. बद्रीनाथ पुन्हा उभा राहिला. गाव कुणामागे जाणार हे ठरवायला रेणुकामातेच्या देवळापुढे बैठक बसली. पुरुष समोर, बायका मागे देवळाच्या ओवरीत.

पुन्हा तेच सुरू झालं. जो उठे तो जावईबापूंचं गुणगान करी. एवढं कौतुक म्हणजे पेटी पुन्हा रिकामी, हे त्याला आता कळत होतं. तो उठून म्हणाला, "माझं काही चुकत असलं तर सांगा."

"तुमचं काय चुकतं, जावईबापू!" सगळे एका सुरात.

"पत्रे कुठं हायेत?"

आवाज ओवरीतून आला. माना वळल्या. सोनूबाई उभ्या होत्या. पदर कपाळावरून मागे सरकला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"शाळेचे पत्रे आनतो म्हनून पावसाळ्याच्या आधी गेल्तास. काय झालं त्याचं? लेकरं सारा पावसाळा भिजली. हितं देवळात बसून शिकली. कोनी बोललं न्हाई, जावई हाय म्हनून. म्या बोलले न्हाई, रिवाज हाय म्हनून. रिवाज गेला चुलीत! बद्री, तुला कान हायेत का न्हाई?"

रामरावांनी उपरण्यात तोंड लपवलं. आता हा माणूस बायकोलेकरं घेऊन धाडची वाट धरतो, असंच सगळ्यांना वाटलं.

बद्रीनाथ हात जोडून उभा होता. पत्रे खरंच राहून गेले होते. तालुक्याला दोनदा हेलपाटा घातला, साहेब भेटला नाही, आणि पुढे तो विसरला. कुणी विचारलंच नाही, मग आठवण कशी राहणार? पण त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं ते शरमेनं नव्हे.

"चुकलं, आई," तो म्हणाला. "आठ दिवसांत पत्रे आणतो."

"आन मंग रस्त्याचं काय?" कचरू ताडकन उठला. पाच वर्षांचं तुंबलेलं त्याच्या तोंडून धो धो बाहेर पडलं. "पुलाचं काय? आं? नुस्तं बोलून राह्यला तू!" तो 'तू' ऐकून दोघं-चौघं दचकले, पण लगेच त्यांनाही आपापलं आठवलं. म्हातारा पुंजाराम तर काठी आपटत पुढे आला. बद्रीनाथ दुपार उलटेपर्यंत उभ्यानं बोलणी खात होता. त्याला बसायला पाट द्यायचं कुणालाच सुचलं नाही.

पत्रे आले. ते चढवताना कचरूनं एक कोपरा बद्रीनाथच्या खांद्यावर दिला आणि वर "नीट धर" म्हणून खेकसला.

निवडून आला की नाही, ते सांगायचं राहिलंच. आला. थोडक्यात आला, पण पिंपळगावची पेटी गच्च भरून निघाली. मिरवणूक संपवून, गुलालानं माखलेला बद्रीनाथ घरी पोचला. पाट नव्हता, शिरा नव्हता. सोनूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, चौकटीकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं.

"बद्री," त्या म्हणाल्या, "लाकडं सपली. जा, जल्दी घेऊन ये."

आणि आमदारसाहेब गुलालासकट लाकडं आणायला गेले.