माठाजवळचं आम्ल

शबानाने टेबलावर काचेची कुपी ठेवली तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं. आत साखरेच्या दाण्याएवढा, पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक होता.

"मॅडम, सलईच्या डिंकातलं आम्ल. कालच धुळ्याहून घेऊन आले."

जळगावच्या आमच्या लॅबमध्ये एक्स-रे मशीन मी चालवते. स्फटिकावर एक्स-रे सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात. त्यावरून रेणूतला कुठला अणू कुठे बसलाय ते कळतं. पण त्यासाठी स्फटिक नीट घडलेला हवा. यावलच्या जंगलातला हाच डिंक घेऊन मी कितीतरी उन्हाळे घालवले. दर वेळी बाटलीत चिकट राळ. आणि ही अजून पीएचडी करणारी मुलगी.

"कसा जमवलास?"

"लॅबमध्ये लाइट जाते, एसी बंद पडतो. म्हणून धुळ्याला घरी माठाजवळ ओल्या वाळूत ठेवला. तिथे सावकाश गार होतं."

माठ माझ्याही घरात होता. त्याचाच जास्त राग आला.

मशीन लावलं. रचना सुरेख आली, पण एक गोष्ट ठरेना. असे रेणू आपल्या हातांसारखे असतात, एक डावा, एक उजवा, एकमेकांचे आरशातले. या आम्लात नुसते कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. एवढ्या हलक्या अणूंवरून आमच्या मशीनला हात ओळखता येत नाही. शबानाने थिसिसमध्ये मात्र उजव्या रेणूचीच आकृती काढली होती.

"पुरावा लागेल," विभागप्रमुख म्हणाले. "नाहीतर हिची पीएचडी अडकेल."

"ब्रोमिन जोडून बघू," मी म्हणाले. "तो जड अणू आहे, हात लगेच कळेल. मी करते."

सर खूश झाले. मला मात्र तो डावा निघायला हवा होता.

तिच्या चिमूटभर आम्लाचा ब्रोमिनवाला क्षार बनवला. कुपी घरी नेली आणि ओल्या वाळूच्या डब्यात खोचून माठाला टेकवून ठेवली.

"हाई काय शे वं?" सासूबाईंनी विचारलं.

"ऑफिसचं काम आहे. तिकडे हात लावू नका."

"मंग पानी कथाईन पेवानं?"

त्या दिवसांत घरात सगळे फ्रीजचं पाणी प्यायले. आणि स्फटिक आला. माझ्या हातून झालेला सगळ्यात देखणा. थोडा वेळ मी जळायचंही विसरले.

मशीनने उत्तर दिलं: उजवा. मी पुन्हा तपासलं. डेटा इतका स्वच्छ होता की शंका घ्यायला जागाच नव्हती. थोडा खराब स्फटिक असता तरी मी वाद घातला असता.

शबानाचे डोळे भरून आले. "मॅडम, माझ्या कामासाठी इतकी मेहनत कोणी घेतली नव्हती."

मी चहा मागवला.

तिची पीएचडी झाली. पेपरवर माझं नाव तिच्यानंतर आहे. नवीन विद्यार्थी आले की मी सांगते, आपलं काम तपासायला आपल्यावर जळणाऱ्या माणसाकडे द्यावं. तो कसलीच कसर ठेवत नाही.