सायलेन्सरातलं गोणपाट

परवा केडगावच्या एका गॅरेजात जळक्या गोणपाटाचा वास आला आणि मी थेट बहात्तरच्या दुष्काळात जाऊन पडलो. तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुरांना मी नगर जिल्ह्यातल्या देवळालीहून ट्रकने पाणी पोचवायचो. त्या दिवशी ट्रक असा रखडला, की एक लंगडी शेळी आम्हाला मागे टाकून गेली.

कसाबसा वाटेतल्या गॅरेजात नेला. तिथल्या मिस्त्रीने सकाळपासून डिझेलची नळी फुंकली, फिल्टर धुतला. जोर काही येईना. शेवटी त्याने धुराच्या नळीमागे तळहात धरला. "फुंकर बी न्हाई. आत कायतरी अडकलंय."

सायलेन्सर सोडताच इंजिन असं गरजलं, की नगरचा किल्ला हादरला असेल. आत करपलेलं गोणपाट निघालं.

"हे कोनी कोंबलं रं?"

उंदीर शिरू नयेत म्हणून रोज संध्याकाळी मीच धुराच्या नळीत गोणपाटाचा बोळा कोंबायचो. त्या सकाळी ओढताना अर्धा आतच राहिला होता.

"उंदरं लई माजलीत, मिस्त्री," मी म्हणालो.

पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बाया रिकाम्या घागरींशी बसून होत्या. मला शिव्या घालायचंही त्राण उरलं नव्हतं. एका आजीने पहिला तांब्या भरून माझ्यापुढेच धरला.

"आधी तू पी, लेकरा. आमच्यापायी लई दमलास."

प्यालो. पन्नास वर्षं झाली, तो घोट अजून घशाखाली उतरलेला नाही.