झोपलेला मेंढपाळ

जनरल घराण्याने काउंट आणि धंद्याने भाडोत्री लढवय्या होता. सॅक्सनीत त्याच्या वाडवडिलांची गढी होती, पण हा आयुष्यभर लढला तो जो पैसे मोजेल त्याच्यासाठी. आज या राजाकडून, उद्या त्याच राजाविरुद्ध. शेवटी आमच्या व्हेनिसने त्याला तुर्कांशी लढायला ठेवला, आणि म्हातारपणी तो इथेच मोठ्या कालव्यावर महाल घेऊन चित्रं जमवत बसला. लोक म्हणायचे, काय रसिक माणूस! रसिक कसला? आधी दुसऱ्यांची गावं रिकामी करायची सवय होती, आता स्वतःच्या भिंती भरायची लागली, एवढंच.

पण गोष्ट त्याची नाही, आन्झोलाची आहे.

आन्झोला भाजलेला भोपळा विकायची. डोक्यावर फळी, फळीवर वाफाळत्या फोडी, आणि आवाज असा खणखणीत की दोन पुलांपलीकडच्या बायका खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायच्या. नवरा लवकर गेला. मुलगा एकुलता एक, मेनेगो. दिसायला देखणा आणि झोपेला पक्का. गल्लीतल्या झोर्झी चिताऱ्याने त्याला मेंढपाळ म्हणून समोर बसवला, तर पोरगा बसल्याबसल्या घोरायला लागला. झोर्झीने तसाच काढला. तोंड किंचित उघडं, हात गालाखाली.

पुढे मेनेगो फौजेत गेला. पूर्वेकडच्या बेटावर तुर्कांचा वेढा पडला. रात्रीमागून रात्री पहारे करून एकदा त्याचा डोळा लागला, आणि जनरलने बाकीच्यांना धडा म्हणून त्याला भिंतीपाशी उभा करून गोळ्या घालायला लावल्या. ही बातमी आणली नाने नावाड्याने. तो रसद घेऊन तिथे गेला होता आणि त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आन्झोलाकडे पोराचं काही उरलं नाही. उरलं ते झोर्झीकडचं चित्र. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ती तिथे जायची, झोर्झीला एक फोड द्यायची आणि चित्रासमोर बसून राहायची. झोर्झी काही ठोकायला लागला की म्हणायची, "हळू रे, जागा होईल तो."

एका रविवारी भिंत रिकामी होती.

"चूल पेटत नव्हती घरात, आन्झोला," झोर्झी म्हणाला. "जनरलने मागितलं, मी दिलं."

"कुठल्या जनरलने?"

झोर्झी मान खाली घालून ब्रश पुसत बसला. आन्झोलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती महालावर गेली. कारभाऱ्याने नाक मुरडलं. "भोपळा मागच्या दाराला."

"भोपळा नाही विकायचा मला. माझा मुलगा न्यायला आलेय."

दार तिच्या तोंडावर आपटलं.

"तू पण वेडीच," हे ऐकून नाने म्हणाला. "कार्निव्हल लागलाय ना? मुखवटा चढव आणि जा सरळ पुढच्या दाराने."

नानेचं खरं होतं. इथे मुखवटा चढवला की माणसाला नाव उरत नाही. दारवान अडवत नाही, सख्खा नवराही ओळखलेल्या बायकोला 'मुखवटेबाई' म्हणून वाकतो. आणि दुसऱ्याच्या मुखवट्याला हात घालणाऱ्याची या शहरात अशी छी-थू होते की त्याने गाव सोडलेलं बरं.

नानेची बायको एका बड्या घरचे कपडे धुवायची. तिने त्यातलाच काळा झगा, टोपी आणि पांढरा मुखवटा आणून दिला. "भोपळ्याचा वास येतोय गं तुला."

"येऊ दे. त्या मेल्याला तोफेच्या दारूशिवाय कसला वास येतो?"

दिवाणखाना मुखवट्यांनी भरला होता. आन्झोला मेनेगोपुढे जाऊन उभी राहिली ती हललीच नाही. जनरल काठी टेकत जवळ आला. खुशीत होता.

"मुखवटेबाई, तुमची नजर पारखी आहे. सगळे त्या मोठ्या लढाईपुढे थांबतात."

"कोण हा?"

"पोरगं कोण होतं देव जाणे. पण झोप बघा त्याची! जन्म छावण्यांत गेला माझा, इतकी निर्धास्त झोप कुठे पाहिली नाही. मला मेली झोपच येत नाही. पहाटेपर्यंत याच्यासमोर बसतो, तेव्हा कुठे डोळा लागतो."

चित्र परत मागायला ती शब्द जुळवून आली होती. ते तिने टाकून दिले.

"पाहिलीत की तुम्ही ही झोप. याच झोपेपायी भिंतीपाशी उभा केलात त्याला. बेटावर. मेनेगो नाव त्याचं. मी आई." आणि तिने मुखवटा काढला.

तोच जबडा, तेच किंचित उघडे ओठ. जनरल तिच्याकडे बघे, चित्राकडे बघे. तिला वाटलं, आता लाजेल. निदान पोराचं नाव तरी घेईल. पण त्याचे डोळे चमकायला लागले. नीट भाजलेली फोड हेरणाऱ्या गिऱ्हाइकाची ही नजर ती रोज बघत होती.

"जोडचित्र!" तो ओरडला. "बोलवा त्या चिताऱ्याला. बाई, बसाल का? मागाल ते देतो."

"मेनेगो द्या."

"तो कसा देऊ? तुम्ही आलात म्हणून तर आता जोडी जमतेय."

आन्झोलाने मुखवटा पुन्हा चढवला.

"काढा तो!" जनरल छावणीतल्यासारखा गरजला. एका नोकराचा हात वर झाला. दिवाणखान्यातले सगळे पांढरे चेहरे त्याच्याकडे वळले, तसा हात खाली आला.

"मुखवटेबाई," जनरलचा आवाज मऊ झाला, "एकदाच दाखवा."

"काय दाखवू? इथे कोणीच नाही," ती म्हणाली आणि जिना उतरली. रिकाम्या हाताने. बोटीत बसल्यावर नानेच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवसापासून तिने फेरीची वाट बदलली. पहाटे, कालव्यावर धुकं असताना, शाल कपाळापर्यंत ओढून ती जनरलच्या झोपायच्या खोलीखाली उभी राहायची आणि बेंबीच्या देठापासून ओरडायची, "गरम भोपळा! भाजलेला भोपळा घ्या!" फेरीवाल्याच्या आरोळीला या शहरात मज्जाव नाही.

आठवड्याभरात कारभारी हात जोडत खाली आला. "बाई, हळू गं. मालकांचा आत्ताच डोळा लागलाय."

"लागलाय?" आन्झोला म्हणाली. "मग करा उभं भिंतीपाशी."

आणि तिने पुन्हा आरोळी ठोकली.