अस्मिताची पन्नास मतं

अस्मिता खरात आणि मी घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलो. महापालिकेच्या शाळेत एका वर्गात होतो. तिनं पुढं डी.एड. केलं आणि महापालिकेच्याच शाळेत शिक्षिका झाली. मी साकीनाक्याला एका कारखान्यात लेथवर लागलो आणि लग्नानंतर कांजूरमार्गला राहायला आलो. तिनं लग्न केलं नाही. आई, सोनूबाई, लवकर गेली. वडिलांना एकटं सोडायचं नाही, हे तिनं कधी बोलून न दाखवता ठरवून टाकलं असावं.

तिचे वडील धोंडिराम खरात पाणीखात्यात चावीवाले होते. पहाटे उठून गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवायचे, पाणी सोडायचे, बंद करायचे. आम्ही सगळी पोरं त्यांना आप्पा म्हणायचो. माझी आई गावी कणकवलीला गेली की माझं जेवण त्यांच्याकडेच. मतदानाच्या दिवशी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून सातच्या आत रांगेत उभे असायचे, पहिला नंबर. त्यांच्या लहानपणी गावात त्यांच्या वडिलांना सगळ्यांचं मतदान होईपर्यंत झाडाखाली थांबावं लागायचं. "इथं माझ्या आधी कोण उभा राहतो बघूच," असं ते हसत म्हणायचे. पण कुणी खरंच आधी उभा राहिला असता तर त्यांना चाललं नसतं. बाबासाहेबांनी हातात दिलेली वस्तू आहे, ती शिळी करून वापरायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

तर अशा माणसाची ही मुलगी. इलेक्शन ड्युटी आली की बाकीचे शिक्षक आजारपणाची सर्टिफिकेटं शोधायचे. अस्मिता ट्रेनिंगला पहिल्या बाकावर बसायची. मागच्या विधानसभेला ती केंद्राध्यक्ष म्हणून नेमकी आमच्या कांजूरमार्गच्या बूथवर आली आणि मी तिथं आमच्या पक्षाचा पोलिंग एजंट. पहाटे सव्वापाचला तिला दारात बघून मी म्हटलं, "काय बाई, ओळख आहे का?" ती म्हणाली, "आज नाही. संध्याकाळी सहानंतर."

मतदान सुरू व्हायच्या आधी मॉक पोल घेतात. एजंटांसमोर पन्नास खोटी मतं टाकायची, मशीन बरोबर मोजतं ते दाखवायचं, आणि मग क्लिअरचं बटण दाबून ती पुसून टाकायची. अस्मितानं पन्नास मतं टाकून घेतली, निकाल दाखवला, छापून आलेल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून सील केल्या. तेवढ्यात चिठ्ठ्यांच्या यंत्राचा लाल दिवा लागला. फोनाफोनी झाली, दुसरं यंत्र आलं, ते जोडलं. बाहेर रांग लागली होती, एक म्हातारे गृहस्थ दारावर हात आपटत होते. ती आदल्या दिवशी सकाळपासून साहित्य घेण्याच्या गडबडीत, रात्रभर झोप नाही. सातला पाच कमी असताना तिनं मशीन सील केलं. क्लिअरचं बटण दाबायचं राहिलं.

एक छापील कागद असतो. मॉक पोलची मतं पुसली, असं त्यावर लिहिलेलं असतं. तिनं सही केली, आम्ही तीन एजंटांनी केली. वाचला कुणीच नाही.

संध्याकाळी मतदान बंद करून तिनं बटण दाबलं तेव्हा मशीननं आकडा दाखवला सहाशे बासष्ट. रजिस्टरवर सहाशे बारा. मला वाटलं आता आरडाओरड होणार. पण ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडून क्लिअर राहिलं." मग तिनं डायरीत तसं स्पष्ट लिहिलं, वेगळा कागद केला आणि आम्हा तिघांना पुढं बोलावलं. "आता तरी वाचून सही करा," म्हणाली. मी वाचून केली.

आमचा उमेदवार चारशे सात मतांनी पडला. नियमाप्रमाणं ते मशीन मोजणीत बाजूला ठेवलं, चिठ्ठ्या मोजल्या. त्या बरोबर सहाशे बारा भरल्या. तिथं हे संपायला हवं होतं.

आठवडाभरानं व्हिडिओ आला. तोंड झाकलेला एक माणूस, परदेशात कुठंतरी बसलेला. तो सांगत होता की त्यानं आणि त्याच्या टोळीनं तिकडून आपल्याकडच्या मशीनमध्ये मतं घातली. त्यानंतर कुणीतरी आमच्या बूथचा आकडा बाहेर काढला. पन्नास मतं जास्त, पुरावाच मिळाला. आमच्या नेत्यांनी पत्रकार परिषद घेतली, परदेशी हॅकर्सनी निवडणूक चोरली म्हणाले. समोरचे म्हणाले, हा व्हिडिओवालाच परदेशातून पैसे घेऊन देशाची बदनामी करतोय. रोज टीव्हीवर तीच भांडणं. सर्व्हर कुठला, देश कुठला. अस्मितानं लिहिलेला कागद कुणी दाखवला तर आमचे लोक म्हणायचे, तो दबावाखाली लिहून घेतला. तिचा ट्रेनिंगमधला फोटो मोबाइलवर फिरला. हीच ती बाई, असं खाली लिहिलेलं.

शाखेत सर्वेशदादांनी मला बाजूला घेतलं. ते आमचे शाखाप्रमुख, माझ्या मुलीच्या अॅडमिशनला त्यांनीच मदत केली होती. "सिद्धेश, तू होतास ना आत?"

मी म्हटलं, "होतो. क्लिअर राहिलं दादा, बाकी काय नाय."

"ते तुला काय माहीत? तू इंजिनियर आहेस?" ते शांतपणे म्हणाले. "कुणी विचारलं तर सांगायचं, मी चहाला बाहेर गेलो होतो. बस."

मी मान हलवली. वाटलं, असल्या गोष्टी पंधरा दिवसांत विरतात.

विरल्या नाहीत. अस्मिताला निलंबनाचं पत्र आलं, चौकशी लागली. तिच्या वस्तीतली बहुतेक माणसं पडलेल्या बाजूची. त्यांना तिचा राग आला तर त्यात नवल नव्हतं. एप्रिलच्या जयंतीला लहान मुलांची भाषणं दरवर्षी तीच बसवायची. त्या वर्षी कुणी बोलवायला आलं नाही. पोरं तिच्या खिडकीखालून जाताना मोठ्यानं "क्लिअर, क्लिअर" म्हणायची. ती मला हे कधी बोलली नाही. माझ्या बहिणीकडून कळलं.

आणि आप्पा दिवसभर टीव्ही बघत होते. अस्मिता त्यांना समजवायची, "आप्पा, त्या मशीनला वायर नाही, इंटरनेट नाही. परदेशातून कोण काय करणार? मी बटण विसरले, एवढंच." आप्पा म्हणायचे, "एवढंसंच असतं तर एवढी मोठी माणसं भांडली असती का गं?" मग थोड्या वेळानं विचारायचे, "तुला कुणी धमकी दिली असेल तर बापाला सांग."

मे महिन्यात ते माझ्याकडे आले. ऐंशीच्या पुढचं वय, घाटकोपरहून एकटे, बस बदलून. मी पाणी दिलं, त्यांनी तोंडाला लावलं नाही.

"सिद्धू, तू आत होतास. मला फक्त खरं सांग. तुझ्यासमोर चुकलं का तिचं? का कुणी काय केलं नि माझी पोर घाबरून आपल्या अंगावर घेते?"

माझी बायको दारात उभी होती. शाखेतून आणलेलं कॅलेंडर आप्पांच्या डोक्यामागं भिंतीवर होतं. मी म्हटलं, "आप्पा, मी तेव्हा चहाला बाहेर गेलो होतो."

"बरं," म्हणाले आणि उठले. मी बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो.

पुढच्या जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. आप्पा गेले नाहीत. सकाळी अस्मितानं गरम पाणी काढून ठेवलं, शर्ट काढून ठेवला. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "तिकडं कुणीतरी बसून ठरवणार असेल तर मी कशाला रांगेत तंगडतोड करू?" एवढंच म्हणाले. ती चार वाजेपर्यंत वाट बघत बसली, मग एकटी जाऊन मत देऊन आली. मार्चमध्ये आप्पा वारले. ताप आला, तीन दिवसांत आटोपलं.

अंत्ययात्रेला मी होतो. खांदाही दिला. अस्मिता माझ्याशी नेहमीसारखी बोलली, "चप्पल इकडं काढ," म्हणाली. तेवढ्यानं मला घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

मे महिन्यात मी चौकशी अधिकाऱ्यांकडे स्वतःहून गेलो आणि सगळं लिहून दिलं. सकाळी न वाचता सही केली, तेही लिहिलं. सर्वेशदादांनी त्यानंतर मला हाक मारली नाही. तोवर टीव्हीवर दुसरी भांडणं सुरू झाली होती. चौकशीत निष्काळजीपणा ठरला, एक वेतनवाढ थांबवून तिला परत कामावर घेतलं आणि गोवंडीच्या शाळेत पाठवलं.

जूनमध्ये एके दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी गोवंडीला गेलो. ती वह्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. केस बरेच पिकले होते. फाटकापाशी उभं राहूनच मी सांगितलं, आप्पा घरी आले होते, मी खोटं बोललो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला सांगितलं. मी तुझी सही असलेला कागद काढून दाखवला. म्हणाले, सही कुणीपण करून घेतं. सिद्धू आपल्या घरात जेवलाय, तो माझ्याशी खोटं नाही बोलणार."

मी म्हटलं, "अस्मिता, मी लिहून दिलंय आता सगळं."

"वाचलं मी. चांगलं लिहिलंस." तिनं वह्या या हातातून त्या हातात घेतल्या. "त्यांच्या मनात मी घाबरट राहिले रे. चुकलेली चालली असती."

रिक्षांचा आवाज फार होता. तिनं माझ्या मुलीचं विचारलं, ऋतिका कितवीला गेली म्हणून. मी म्हटलं, नववीला. "गणित बघत जा तिचं," म्हणाली, आणि तिची बस आली तशी रस्ता ओलांडून गेली.