बॉयलरपाशी बसलेले पावलस मामा

पावलस मामांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या डाव्या कानाशी बोलायचं. श्रीरामपूरजवळच्या एका दूध डेअरीत ते बॉयलर अटेंडंट होते. पाळीवर आले की आत पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या वीतभर काचेसमोर खुर्ची टाकायचे आणि नजर तिच्यावर ठेवायचे. डबा काचेकडे तोंड करून, चहाही तसाच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र सावरत त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "नमस्कार, मी नगरहून आलेय. बॉयलरच्या कंट्रोल सिस्टीमची नवी इंजिनिअर." मामा म्हणाले, "मॅडम, जरा सरका. तुमी काचंच्या आडव्या आल्या."

मला राग आला होता, हे आधीच कबूल करते. पदवी ताजी, लॅपटॉप कंपनीचा, आणि रागीट तर मी जन्मजातच आहे. तो राग घेऊन मी पॅनलकडे गेले, केबल खुपसली, आणि लॅपटॉपने सांगितलं की संपर्क होत नाही. पाठीमागून आवाज आला, "पयल्या दिवशी कुनाचंच जुळत न्हाई. बसा, च्या येतोय."

माझं काम सांगायला सोपं आहे. बॉयलर कधी पेटवायचा, पाणी कधी घ्यायचं, कधी सगळं बंद करायचं, हे पॅनलमधला छोटा संगणक ठरवतो. त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायला किंवा बदलायला लॅपटॉप केबलने त्याला जोडावा लागतो. जोडला गेला तर मी इंजिनिअर, नाही जोडला गेला तर केबल घेऊन फिरणारी एक बाई. आणि तो सहजासहजी जोडला जात नाही. कधी केबल खराब, कधी पोर्टचा नंबर चुकलेला, कधी लॅपटॉपने स्वतःला रात्रीतून अपडेट करून जुनी ओळख विसरलेली.

अशा वेळी मी सगळंच एकदम करायची. केबल काढ, पोर्ट बदल, ड्रायव्हर नव्याने टाक, लॅपटॉप बंद करून चालू कर. एकदा या धुमाळीत संपर्क झाला आणि मी टाळी वाजवली. मामांनी काचेला विचारलं, "कशानं जुळलं?"

"कशाने का असेना, जुळलं ना!"

"कशानं जुळलं ते सांगता येत न्हाई, तर ते जुळलंच न्हाई. उद्या परत तुटंल आन तुमी परत धा ठिकानी हात घालाल. एका टायमाला एकच करायचं, मॅडम. येक करायचं, बघायचं, मग दुसरं."

मामा दहावीपर्यंत शिकलेले. संगणकाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. पण माझ्याआधी येऊन गेलेले सगळे इंजिनिअर त्यांनी त्याच खुर्चीवरून, डाव्या कानाने ऐकले होते. कोण कुठे अडकला, कोण शिव्या देतो, कोण नगरला फोन लावतो, हे त्यांना पाठ होतं. हळूहळू मॅडमची मी 'पोरी' झाले. दर रविवारी चर्चहून येताना मामी डब्यात काहीतरी जास्तीचं घालायच्या आणि मामा म्हणायचे, "खा. उपाशी माणसाला वाफंचा अंदाज येत न्हाई." या वाक्याला शास्त्रीय आधार काय, हे मी कधी विचारलं नाही.

आता त्या खंडेनवमीचं सांगते.

डेअरीतला बॉयलर वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी थंड करायचे. रात्रभर धुऊन पुसून सकाळी पूजा, आणि मग लगेच पेटवणी, कारण दूध सणासाठी थांबत नाही. त्या सुट्टीत मी पाण्याची पातळी मोजणारा नवा सेन्सर बसवला. पाणी कमी झालं की आग बंद करायची, हे त्याचं काम. बॉयलर रिकामा होता, आणि रिकाम्या बॉयलरवर पॅनल काहीच चालू करू देत नाही. पण मला पंखे आणि भुशाच्या विटा, म्हणजे ब्रिकेट, आत ढकलणारा फीडर तपासायचे होते. म्हणून मी लॅपटॉपवरून पॅनलला 'पाणी आहे' असं खोटं सांगून ठेवलं. आमच्या धंद्यात हे चालतं. काम झालं की तेवढं खोटं आठवणीने काढून टाकायचं.

तेवढ्यात पूजेची हाक आली. "मॅडम, लॅपटॉप बी आना, त्यो बी हत्यारच!" मी केबल उपसली आणि सगळा संसार पानं-पकडीच्या शेजारी मांडला. हळदीकुंकवाचं ताट माझ्याच हातात दिलं. मीही सढळ हाताने ओलं कुंकू लावत सुटले: पंपाला, पॅनलला, लॅपटॉपच्या झाकणाला, केबललासुद्धा. नारळ मात्र पावलस मामांनी फोडायचा, अशी तिथली रीत होती. मामा हात जोडून बाजूला उभे राहायचे आणि वेळ आली की एका फटक्यात नारळाची दोन सारखी भकलं करायचे. "देव तुमचा, हात माझा," असं दरवर्षी म्हणायचे आणि सगळे दरवर्षी हसायचे.

बॉयलरमध्ये पाणी भरलं, आग पेटली, वाफ चढली, दूध तापायला लागलं. मी पेढा खाल्ला, दुसराही खाल्ला, आणि उरलेलं काम संपवायला केबल जोडली. संपर्क होत नाही. आणि त्याच क्षणी मला आठवलं की ते खोटं आत तसंच आहे. बॉयलर पूर्ण दाबावर होता, आणि आतलं पाणी संपलं असतं तरी नव्या सेन्सरने 'पाणी आहे' असंच सांगितलं असतं.

मी कुणाला काही बोलले नाही. पाणी कमी झालं की आग तोडणारा जुना, दुसरा एक स्विच आहेच की, अशी मी मनाची समजूत घातली. दहा मिनिटांत जोडते, खोटं काढते, कुणाला कळायचंही नाही. केबल हलवली, पोर्ट बदलला, ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. सगळं एकदम. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता.

"काय झालं?" मामांनी काचेकडे बघत विचारलं.

"काही नाही मामा. केबलचं जरा."

आणि मामांनी मान वळवली. पाळीवर असताना त्यांनी काच सोडून माझ्याकडे पाहिलं ते पहिल्यांदाच. एक भुवई दुसरीपेक्षा थोडी वर होती. "पोरी," ते म्हणाले, "केबलचा बिघाड आसल तर मानूस केबलीकडं बघतं. तू मघाधरनं काचंकडं बघायलीस. काय केलंस?"

मी सांगितलं. सांगतानाच रडू फुटलं. मामा रागावले नाहीत, त्यांनी समजूतही घातली नाही. उठले, फीडर बंद केला, पंखे बंद केले, आणि पुन्हा काचेसमोर बसले, कारण फीडर थांबला तरी आतला विस्तव अजून लाल होता. "वाफ आन चूक," ते म्हणाले, "कोंडून ठिवायची न्हाई."

दूध तापायचं थांबलं तसे मॅनेजरसाहेब धावत आले. शेवगावकडचा टँकर फाटकात उभा, गावोगावचे कॅन उन्हात, आणि दुसऱ्या दिवशी दसरा. "दुसरा स्विच आहे ना मामा? मग चालू ठेवा की!"

"सायेब, दुसरा हाय म्हनून पयला आंधळा ठिवायचा, तर दोन बसवले कशाला? मी न्हाई पेटवनार. तुमी पेटवा, मी पोरांला घिऊन भाईर उभा ऱ्हातो." साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कॅन सावलीत घ्यायला सांगायला निघून गेले.

मामांनी लॉगबुक ओढलं. बॉयलर बंद झाला की कारण लिहावं लागतं. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं की कमी पाण्याची सेफ्टी लॅपटॉपवरून बंद राहिली, म्हणून बॉयलर थांबवला. 'कोणाकडून' या शब्दापुढे जागा सोडली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "नाव तू लिव."

"मामा, नोकरी जाईल माझी."

"जाईल बी. पन तुझं नाव दुसऱ्या कुनी लिवलं ना, तर नोकरीसंगट तू बी जाशील."

मी नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. अक्षर इतकं वाकडं आलं की मामांनी ते वाचून खात्री करून घेतली.

"आता कर," ते म्हणाले. "घाई दुधाला हाय, आपल्याला न्हाई. एका टायमाला एकच." मग ते काचेकडे बघत एकेक विचारत गेले आणि मी करत गेले. लॅपटॉपला केबल दिसते का? दिसते. पोर्टचा नंबर तोच का? तोच. पॅनलमधला दिवा लागतो का? लागतो. "मग राहिलं काय मधी?" राहिलं केबलचं दुसरं टोक, पॅनलमध्ये जाणारं. ते मी उजेडात धरलं. आतल्या सगळ्या पिना लालभडक होत्या. माझ्याच हाताने लावलेलं ओलं कुंकू तिथे वाळून घट्ट बसलं होतं.

मी ते टोक मामांसमोर धरलं. ते खुर्चीवर हलेस्तोवर हसले, पण नजर काचेवरच. "बाई गं, माझ्या हातात नुसता नारळ हुता. ह्यात माझं काय बी न्हाई!"

स्प्रे आणि जुन्या टूथब्रशने मी एकेक पिन साफ केली, पंख्याखाली वाळवली. संपर्क झाला. खोटं काढलं. तरी मामांनी लगेच पेटवू दिलं नाही. स्वतः निचऱ्याची झडप उघडून आतलं पाणी खाली आणलं, आणि नव्या सेन्सरचा भोंगा ओरडल्यावरच म्हणाले, "आता त्याला दिसतंय. पेटवा." चार कॅन दूध नासलं. ते शेणखताच्या खड्ड्यात ओतताना मी तिथे उभी राहिले, कारण मामांनी उभी राहायला सांगितलं होतं.

नोकरी गेली नाही, पण आमच्या कंपनीच्या मालकांनी मला साइटवरून काढून नगरच्या ऑफिसात कागद टाइप करायला बसवलं. तिथे मी महिनोन्‌महिने मनातल्या मनात मामांवरही चिडले. गप्प बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मग डेअरीच्या पुढच्या तपासणीची वेळ आली. दुसरा इंजिनिअर गेला, तर मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि मॅनेजरसाहेबांना मालकांशी बोलायला लावलं. मालकांनी मला बोलावून मामांचे शब्द जसेच्या तसे ऐकवले: "जिनं आपलं नाव लिवलं तीच पायजे. बाकीच्यांचं मला काय म्हाईत?" त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून दुसऱ्यांदा रडले. हे रडणं निराळं होतं.

मामा निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मामी पाणी आणायला आत गेल्या आणि मामा वळून म्हणाले, "तू लिवलंस त्या दिवशी. म्या न्हाई लिवलं कदी."

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते एका साखर कारखान्यात होते. पाळी संपताना त्यांनी बॉयलरची निचऱ्याची झडप अर्धवट उघडी ठेवली आणि विसरून घरी गेले. पुढची पाळी त्यांचा जोडीदार दगडूची. बॉयलर त्याच्या हातात येईस्तोवर पाणी उतरलं, नळ्या जळाल्या, ऐन हंगामात गाळप थांबलं. सगळ्यांनी दगडूला धरलं, तो कामावरून गेला. "म्या गप ऱ्हायलो. लगीन ठरलं हुतं माझं." दगडू पाथर्डीकडचा. पुढच्या हंगामात तो ऊसतोडीला लागला आणि त्याच कारखान्याच्या फाटकात उसाच्या गाडीवर बसून आला. "मला बघून हात केला त्यानं. म्हनला, पावल्या, बरा हायस का?"

माझ्या खंडेनवमीनंतर मामा एकदा एसटीने पाथर्डीला गेले होते, त्याला शोधत. दगडू आदल्या वर्षीच वारला होता. "त्याच्या बायकोनं च्या केला. म्या च्या पिऊन आलो. तेवढंच केलं." मग म्हणाले, "तू लिव कुटंतरी. माझ्या हातनं आता व्हायचं न्हाई."

मामा गेले. श्रीरामपूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत डेअरीतले सगळे आले होते, मॅनेजरसाहेबसुद्धा. नंतर मी मामींना सगळं सांगितलं आणि विचारलं, हे छापलं तर चालेल का? त्यांच्या लग्नापायी कुणाची भाकरी गेली होती, हे त्यांना त्या दिवशीच कळत होतं. मग म्हणाल्या, "लिव. पुरं नाव घाल त्यांचं. आन पयले पाथर्डीला जाऊन वाचून दाखव."

गेल्या आठवड्यात मी जाऊन आले. दगडूच्या बायकोला अंगणात बसून एवढंच वाचून दाखवलं, आणि तिच्याच सांगण्यावरून तेवढं पुन्हा वाचलं: त्या हंगामात कारखान्याच्या बॉयलरची झडप उघडी ठेवली ती पावलस साळवे यांनी. दगडू बडे यांचा त्यात काही दोष नव्हता.