भिंतीवरचा दुसरा कागद

आमच्या घरी इंग्रजी छपाईचा कागद आला, की बाबा तो दारव्ह्याला नेऊन लॅमिनेशन करून आणत आणि पुढच्या खोलीत खिळा ठोकून लावत. दादाचं टायपिंगचं सर्टिफिकेट होतं, माझ्या मार्कशीट होत्या. बियाण्याच्या कोण्या कंपनीने 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून दिलेलं पत्रही होतं. त्याच वर्षी त्या बियाण्याची अर्धी बोंडं अळीने खाल्ली, तरी बाबांनी पत्र काही उतरवलं नाही. शेती सांभाळून ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. इंग्रजी त्यांना फार येत नव्हतं, पण छापील अक्षरावर जीव होता. या सवयीला मी कितीतरी वर्षं हसत आले. आता हसू येत नाही.

एम.एस्सी.ला असताना मला परदेशातल्या एका उन्हाळी अभ्यासक्रमाला जायला मिळालं. सहा आठवडे, विषय आनुवंशिकी आणि माणसामाणसांतलं वेगळेपण. कॉलेजच्या मॅडमनी मागे लागून फॉर्म भरून घेतला, शिष्यवृत्ती लागली आणि गावात बातमी अशी फिरली, की मास्तरची पोट्टी डॉक्टर व्हायला विमानाने चालली. मला सोडायला आर्णीच्या स्टँडवर मामाची पोरगी आली होती. ती माझ्याच वयाची, लहानपणापासूनची मैत्रीण आणि दादाची ठरलेली बायको. आमच्यात मामाची पोरगी म्हणजे हक्काची सून. त्या दोघांना तर ते मनापासून हवंही होतं. कापसाची पहिली वेचणी झाली, की लग्न करायचं ठरलेलं. एस.टी. सुटताना ती खिडकीखाली येऊन म्हणाली, "तिकडचं सगळं पाहून ठेव वं. आली का मले एकेक सांगजो."

तिकडे पहिल्याच दिवशी भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि प्रत्येकाने आपापल्या गावी टाचणी लावायची होती. मी यवतमाळ सांगितलं तशी शेजारची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "तुमच्याकडेच ना ते, कापूसवाले, आत्महत्या...?" तिने वर्तमानपत्रात वाचलं होतं. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, आमच्याकडे लग्नंही होतात बाई, माझ्या भावाचंच आहे यंदा. ती बिचारी कानकोंडी झाली. मला मात्र आपण कसं तोंड बंद केलं याचा आनंद झाला. तेव्हा माझी जीभ अशी चालायची. पुढे चालायला हवी होती तेव्हा नाही चालली.

आमचे शिकवणारे सर म्हातारे होते, हळू बोलायचे. त्यांनी एकावर एक नकाशे ठेवून दाखवलं, की कातडीचा रंग, रक्ताचे गट, सगळं जगभर सावकाश बदलत जातं. इथे एक जमात संपली आणि तिथे दुसरी सुरू झाली, अशी रेघ कुठेच सापडत नाही. मी वर्गात रडले. आमच्या गावात आमची बौद्ध वस्ती कुठे संपते आणि 'गाव' कुठून सुरू होतं, ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि इथे सगळं जग पालथं घालून माणसांना ती रेघ सापडत नव्हती.

चौथ्या आठवड्यात ज्यांची तयारी होती त्यांनी स्वतःचं रक्त तपासून पाहायचं होतं. मी हौसेने हात पुढे केला. माझ्या कागदावर दोन अक्षरं आली, ए एस. म्हणजे मी सिकलसेलची, रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या आजाराची, वाहक. मला स्वतःला त्याने काही होणार नव्हतं. सरांनी पुढचं सांगितलं. नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर दर बाळंतपणात लेकरू एस एस, म्हणजे खुद्द आजारीच, होण्याची चारात एक भीती असते. मग ते कसं असतं, तेही सांगितलं. बोटं सुजतात, हाडं ठणकतात, डोळे पिवळे होतात, ताप सुटत नाही.

हे सगळं मी पाहिलेलं होतं. मामाचा थोरला मुलगा असाच होता. आम्ही अंगणात लंगडी खेळायचो आणि तो ओट्यावर गुडघे धरून बसायचा. कोणी वात म्हणायचं, कोणी बाहेरचं म्हणायचं. तो चौथीत असतानाच गेला. म्हणजे मामा आणि मामी दोघंही वाहक असणार. त्यांच्या पोरीत ते असण्याचीच शक्यता जास्त. माझ्यात होतं, तर दादातही असू शकत होतं. आणि या दोघांचं लग्न तीन-चार महिन्यांवर आलेलं. त्या बाकावर बसल्याबसल्या मला हे लख्ख कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पोळ्याच्या सुमाराला मी घरी आले. दुसऱ्याच दिवशी आईला म्हटलं, "लग्नाआधी दादाचं आन् तिचं रक्त तपासून घेऊ. यवतमाळले सरकारी दवाखान्यात होते."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कायले? परक्याची पोरगी होय का? माया भावाचं घर होय थे. त्याले काय म्हणू, तुया पोरीचं रक्त दाखव?"

आमच्यात सोयरिकीत चौकशी करायची ती बाहेरच्यांची. घरच्यांची चौकशी म्हणजे अपमान. हे मला माहीत होतं, तरी मी आणखी एक वाक्य बोलू शकत होते. तुझा भाचा कशाने गेला ते मला कळलंय, एवढंच. नाही बोलले. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. कारण पुढचा प्रश्न आला असता, 'तुले कसं मालूम?' आणि मग माझा स्वतःचा कागद काढावा लागला असता. परदेशात जाऊन आलेली, वस्तीने ओवाळलेली पोरगी मी. माझ्यासाठीही स्थळं येत होती. मी भ्याले. एवढं शिकून मी माझ्या स्थळांना भ्याले!

कागद लपवायला हवा होता, तेही जमलं नाही. अभ्यासक्रमाचं सर्टिफिकेट आणि तो रिपोर्ट एकाच प्लॅस्टिकच्या फाइलीत होते. मी नागपूरला होस्टेलवर गेले होते तेव्हा बाबांनी दोन्ही कागद दारव्ह्याला नेले. परत आले तर दोन्ही भिंतीवर, चकचकीत, शेजारीशेजारी. "दोन-दोन सर्टिफिकेटं भेटली माया पोरीले," बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, कोण वाचतंय?

मग वेचणी झाली. भाव पडलेला होता, म्हणून त्या साली घरोघरी कापूस विकायचा थांबला होता. आमच्याही पुढच्या खोलीत ढीग चढत चढत भिंतीवरच्या कागदांपर्यंत गेला आणि ते दोन्ही कापसाआड झाले. त्या ढिगावर पोरं उड्या मारत होती, पाहुणे लोळत होते, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. अंगणात बुद्धवंदना होऊन लग्न लागलं, पांढऱ्या साडीत मामाची पोरगी इतकी गोड दिसत होती. लग्नाआधीचे चार दिवस ती रोज माझ्याजवळ येऊन बसायची आणि मी तिला तिकडचं सांगायचे. तिथले रस्ते, तिथला पाव, उन्हाळ्यात उशिरापर्यंत न मावळणारा सूर्य. जगात सगळी माणसं कशी एकच, हेही मी तिला अगदी रंगवून सांगितलं. "बाप्पा!" म्हणायची ती प्रत्येक गोष्टीला.

सव्वा वर्षाने मुलगी झाली. आठव्या महिन्यात तिच्या हातापायांची बोटं सुजली आणि ती हात लावू देईना. मी सुट्टीवर घरी होते. आई म्हणाली, नजर लागली. मी ती बोटं पाहिली आणि चुलीपाशी जाऊन बसले. मग मीच बोलले, मीच दवाखान्यात घेऊन गेले, तिघांचं रक्त तपासलं. दादा ए एस. वहिनी ए एस. पोरगी एस एस. घरच्यांनी माझं कौतुक केलं, की बरं झालं बाप्पा, घरात शिकलेली पोरगी आहे. मी ते ऐकून घेतलं.

वहिनी दहावी शिकलेली. दवाखान्याच्या चकरा करता करता ती अक्षरं तिला पाठ झाली. एकदा पोरीचं दुखणं उतरल्यावर आम्ही यवतमाळहून घरी आलो. ती पुढच्या खोलीत पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, मी चहा आणला. तिची नजर भिंतीवर होती. ती उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि त्या दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं.

"हा कायचा कागद होय वं? सर्टिफिकेट नाई हे."

तिने बोट खाली सरकवत नेलं. माझं नाव वाचलं, ए एस वाचलं, खालची तारीख वाचली.

"माया लग्नाच्या आंधीचा आहे," ती म्हणाली. "तुले मालूम होतं?"

"हो."

"माया भावाचंही समजलं होतं?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती परत खाली बसली, पोरीचे पाय चोळत राहिली. चोळता चोळता म्हणाली, "आन् तू मले तिथले रस्ते सांगत बसली."

तिने हे दादाला सांगितलं नाही, आईबाबांनाही नाही. माझ्याशी बोलते, जेवायला वाढते. पण एकेक सांग असं तिने पुन्हा कधी म्हटलं नाही.

एकदा घरात कोणी नसताना मी तो कागद काढायला स्टुलावर चढले. ती दारात येऊन उभी राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "पोरगी वाचाले शिकली का तिले वाचू दे. मंग तूच सांग तिले."

पोरगी यंदा पहिलीत गेली. परवा मी घरी गेले, तर बाबा तिला कडेवर घेऊन त्याच भिंतीपुढे उभे होते आणि तिचं बोट धरून एकेक इंग्रजी अक्षर ओळखायला शिकवत होते. पहिला कागद संपत आला होता.