चिरेखाणीतली कोळंबी

आमच्या जुन्या चिरेखाणीत बारमाही पाणी असतं. चिरे काढून संपल्यावर ती नुसती पडून होती. मुलगा मुंबईची नोकरी सोडून आला आणि त्याने त्या पाण्यात गोड्या पाण्यातल्या कोळंबीचं बीज सोडलं. पोरगं घरी राहतंय याचाच मला एवढा आनंद, की वाडीभर सांगत सुटले.

तळं मुलाचं, पण हुकूम यांचे. जन्मभर पोफळीच्या वीजघरात पाळ्या केलेला माणूस, निवृत्त होऊन रिकामा झाला होता. खाद्य किती घालायचं, आडोशाला झावळ्या कुठे बुडवायच्या, पाण्यात कुठल्या बाजूने उतरायचं, सगळं हेच ठरवणार. मुलगा आधी वाद घालायचा, मग हूं की चूं करेनासा झाला. जेवण कमी झालं, शर्ट अंगावर लोंबायला लागले. एका दुपारी म्हणाला, जुन्या ऑफिसातून परत बोलावलंय, जावं म्हणतो. 

त्याच आठवड्यात पागाचं जाळं टाकून कोळंबी काढून बघितली. मोजके नर चांगले पोसलेले, वीतभर निळ्या नांग्यांचे, बघत राहावे असे. बाकीची त्यांच्याच वयाची असून बोटाएवढी. त्यातली थोडी मी कालवणाला सोलायला घेतली, तर टरफल काढल्यावर हातात फारसं काही राहीना. मुलाने सांगितलं, हे मोठे नर तळ्यात असेपर्यंत बारके दबून राहतात, पोटाला मिळूनही वाढत नाहीत. मोठे काढले की तेच झपाट्याने वाढतात.

हे उसळलेच. पोसून वाढवलेली काढायची आणि मरतुकडी ठेवायची, हा कुठला न्याय म्हणाले. मुलगा उठून आत गेला.

मला कोळंबीतलं फारसं कळत नाही, घरातलं कळतं. संध्याकाळी यांना म्हटलं, महिनाभर केळशीला माझ्या बहिणीकडे राहून येऊ.

"आणि तळ्याकडे कोण बघणार?"

"तो आहे ना."

"मग मी कशाला आहे?"

"अहो, तेच म्हणतेय. तुम्ही जरा बाहेर या."

माझा रोख यांना कळला. तापट आहेत, मंद नाहीत. सकाळी स्वतः पाण्यात उतरून एकेक निळ्या नांग्यांचा नर धरून काढला. कालवण फर्मास झालं. यांनी दोनदा भात मागून घेतला आणि मग बॅग भरली.

केळशीत रोज सकाळी हे मुलाला फोन लावायला जात आणि मी तो काढून घेई. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच? बहिणीच्या नवऱ्याला नारळाची आळी कशी करावी ते शिकवून झालं. तो बिचारा चाळीस वर्षं बागेत राबलेला, गुमान ऐकून घ्यायचा.

परत आलो तेव्हा मुलगा गुडघाभर पाण्यात उभा होता. गालांवर मांस आलं होतं. त्याने पाग ओढला. बारक्यांतली कितीतरी कोळंबी वाढून नांग्यांवर केशरी झाक आली होती. यांनी एक उचलून तळहातावर तोलली, चांगलीच भरली होती. मुंबईचं विचारायला माझी जीभ रेटेना.

"बाबा," मुलगा म्हणाला, "पुढचं बीज आणायला माझ्याबरोबर याल?"

यांनी हातातली कोळंबी हळूच पाण्यात सोडली.

"येईन," म्हणाले. "किती वाजता निघायचं, ते तू सांग."

मी पदराने डोळे पुसले. त्या दोघांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.